घेवड्यात तांबेरा-प्रतिकारक वाण तयार करताना: निवडीआधी रोग आणा

रब्बीत तांबेऱ्याने झडलेल्या प्लॉटमधून दोन-चार हिरवी झाडं हेरायची, त्यांचं बी धरायचं, पुढच्या हंगामात मोठ्या आशेने लावायचं आणि तांबेरा आला की कपाळावर हात मारून घ्यायचा. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे घेवड्याचं बी स्वतः राखणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. त्या हिरव्या झाडांपैकी बरीच रोगातून नुसती वाचलेली असतात. कुणाला दव कमी लागलं, कुणी उशिरा वाढलं, कुणावर शेजारच्या द्राक्षबागेतल्या फवाऱ्याचे तुषार आले. वाचलेलं झाड आणि प्रतिकारक झाड दिसायला सारखंच. फरक कळायचा तर प्रत्येक झाडावर, ठरल्या वयात, मोजून रोग आणावा लागतो. खालचे सगळे टप्पे त्याभोवतीच रचले आहेत.

इथे घेवडा म्हणजे श्रावण घेवडा, फरसबी आणि राजमा, हे एकच पीक. वाल-पावटा वेगळा, त्याच्याशी याचा संकर जमत नाही.

टप्पा १: रोग तांबेराच आहे का, ते पाहा

पानाच्या खालच्या बाजूला विटकरी-तपकिरी फोड, आणि भोवती बहुधा पिवळसर कडा. पांढऱ्या रुमालावर पान घासलं की तांबडी पूड उमटते. पूड उमटली नाही तर तो करपा असेल, कोनाकृती ठिपके असतील किंवा लाल कोळी. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू, तिचं बीच म्हणा. हंगामाच्या शेवटी त्याच फोडांत काळसर बीजाणू येतात. तेही तांबेऱ्याचेच, पण पुढच्या चाचणीला ते चालत नाहीत. तांबडी, ताजी पूडच हवी.

गव्हाचा किंवा द्राक्षाच्या पानावरचा तांबेरा घेवड्यावर येत नाही. सोयाबीनचा येऊ शकतो, पण ती बुरशी वेगळी. घेवड्याच्या तांबेऱ्याची बुरशी, युरोमायसेस अपेंडिक्युलॅटस, आपलं सगळं जीवनचक्र घेवड्यावरच पुरं करते. म्हणून बीजाणू घेवड्याच्या शेतातूनच आणायचे.

टप्पा २: मादी आणि नर ठरवा

आपल्या भागात विकला जाणारा, शेंग चांगली असलेला, पण तांबेऱ्याला बळी पडणारा वाण मादी ठेवा. प्रतिकारक वाण नर. उलटं केलं तरी संकर होतोच, पण मग एफ-१, म्हणजे संकराची पहिली पिढी, तपासताना फसगत होते. कारण टप्पा ५ मध्ये येईल.

नर कोणता घ्यावा? आपल्या देशात सहज मिळणाऱ्यांपैकी बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का अनुप तांबेरा आणि जिवाणूजन्य करपा या दोन्हींना प्रतिकारक म्हणून दिलेला आहे. जगभर वापरले जाणारे जनुकस्रोत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत, कागदपत्रं पुरी करून मागवावे लागतात. तांबेऱ्याला रोखणाऱ्या जनुकांना यूआर आणि क्रमांक अशी नावं आहेत: यूआर-३ 'अरोरा' वाणातून आलं, यूआर-४ 'अर्ली गॅलटिन'मधून, यूआर-५ 'मेक्सिको ३०९'मधून आणि यूआर-११ 'पीआय १८१९९६'मधून. परदेशातून बी परस्पर मागवू नका. तांबेरा बियातून येत नाही, पण घेवड्याचा मोझॅक विषाणू आणि जिवाणूजन्य करपा येतात.

नावावर विसंबून मात्र राहू नका. तांबेऱ्याच्या जाती जागोजागी वेगळ्या असतात. बेंगळुरूला टिकलेला वाण निफाडच्या तांबेऱ्यापुढे टिकेलच असं नाही. संकराला हात घालण्याआधी नर वाणाची दहा-बारा रोपं टप्पा ३ आणि ६ च्या पद्धतीने तपासा.

*तपासणी:* नर वाणाच्या एकाही रोपावर उघडे, पूड सोडणारे मोठे फोड आले तर तो वाण बाद. "एकाच झाडावर तर आलाय" म्हणून पुढे जाऊ नका. ते बी भेसळीचं तरी आहे, नाहीतर प्रतिकार अपुरा तरी.

टप्पा ३: बीजाणू गोळा करा

सकाळी दव सुकल्यावर, कोरड्या हवेत, ताजे फोड आलेली पानं गुळगुळीत कागदावर हलकेच झटका. ओल्या पानावरून घेतलेली पूड गोळे धरते आणि लवकर मरते. किमान तीन-चार गावांतून वेगवेगळ्या पुड्या घ्या. पुडीवर गाव, वाण आणि तारीख लिहा. सिलिका जेलच्या डब्यात वाळवून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे वापरता येते. त्याहून जास्त काळ ठेवायची तर प्रयोगशाळेतला उणे ८० अंशांचा फ्रीझर हवा. नाहीतर बळी पडणाऱ्या वाणाची रोपं कुंडीत लावून त्यांच्यावरच बुरशी जिवंत ठेवणं हा साधा मार्ग.

द्रावणासाठी स्वच्छ पाणी आणि लिटरला दोन-तीन थेंब ट्वीन-२० (बीजाणू पाण्यात नीट मिसळवणारं द्रव्य) घ्या. भांड्याचा साबण नको, त्याने पान भाजतं. तीव्रता मिलिलिटरला साधारण २० हजार बीजाणू. कृषी महाविद्यालयात किंवा ओळखीच्या प्रयोगशाळेत हिमोसायटोमीटर (सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीसाठी चौकोन आखलेली काचपट्टी) असतो. त्याच्या मोठ्या चौकोनात सरासरी २ बीजाणू, म्हणजे नऊ चौकोनांत मिळून १८ च्या आसपास दिसले की प्रमाण बरोबर.

*इशारा:* "जास्त टाकलं तर जास्त रोग" हा हिशेब इथे उलटतो. या बुरशीचे बीजाणू दाट झाले की एकमेकांचं उगवणं रोखतात. द्रावण चहासारखं तांबूस दिसत असेल तर फार झालं.

*तपासणी:* काचपट्टीवर एक थेंब घ्या, ओल्या डब्यात अंधारात, वीसेक अंशांना रात्रभर ठेवा आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. निम्म्याहून कमी बीजाणूंना नळी फुटली असेल तर ती पुडी फेकून द्या. मेलेले बीजाणू फवारून "सगळी रोपं प्रतिकारक निघाली" असा आनंद साजरा करणारे कमी नाहीत.

टप्पा ४: संकर

नाशिकला संकराचा काळ म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. फूल येताना दिवसाचं तापमान ३० च्या वर गेलं की कळ्या गळतात, त्यामुळे मार्चनंतर उघड्यावर या कामाचा नाद सोडा. खरिपात इगतपुरी-त्र्यंबककडे हवा थंड असली तरी पावसात उघड्या फुलावरचा पराग धुऊन जातो. तिथे पॉलिहाऊस लागेल. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही शेंग नीट धरत नाही, म्हणून पेरणी अशी करा की फुलोरा थंडीच्या लाटेआधी येईल. बुटका घेवडा पेरल्यापासून साधारण ३५-४० दिवसांनी फुलतो. नर वाण आठवड्याच्या अंतराने तीनदा पेरा, म्हणजे फुलांचा मेळ बसतो.

घेवड्याचं फूल उमलण्याच्या आतच स्वतःशी फलित होतं. इथेच बहुतेकांचं चुकतं: उमललेलं फूल घेऊन त्यातले पुंकेसर काढायचे, म्हणजे लग्न लागून गेल्यावर मुहूर्त काढण्यासारखं. कळी हवी ती उद्या उमलणारी. टपोरी, हिरवटपणा जाऊन पाकळीचा रंग दिसू लागलेली, पण पूर्ण मिटलेली.

काम सकाळी, ऊन चढायच्या आत. बारीक टोकाचा चिमटा, बारीक वस्तू मोठी दाखवणारं भिंग आणि स्पिरिटची बाटली जवळ ठेवा.

१. कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत देठाजवळ धरा. वरची मोठी पाकळी चिमट्याने मधून उलगडून मागे सारा.

२. बाजूच्या दोन पाकळ्या खाली दाबा. आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नौकापाकळी दिसेल. तिची कड चिमट्याने फाडून वेटोळं मोकळं करा. ओढू नका, आतली कुक्षी त्याच वेटोळ्यातून फिरलेली असते आणि ओढली की तुटते.

३. पुंकेसर १० असतात: ९ एकत्र जुळलेले, १ सुटा. दहाही मोजून काढा. सुटा राहून जातो आणि तो एकटाच सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. पिशव्या फुटून पिवळी भुकटी दिसत असेल तर कळी उशिरा घेतली गेली. ती खुडून टाका.

४. नर वाणाचं त्याच सकाळी उमललेलं फूल घ्या. त्याची डावी बाजूपाकळी खाली दाबली की परागाने माखलेली कुक्षी बाहेर येते. ती चिमट्याने खुडून मादीच्या कुक्षीवर हलकी घासा आणि तिथेच आकड्यासारखी अडकवून सोडा.

५. मोठी पाकळी परत मिटवून घ्या, म्हणजे आतलं सुकत नाही. देठाला सैल सुती दोरा आणि टॅग बांधा: मादी × नर, तारीख. पेन्सिलने लिहा, पेनची शाई दवाने जाते.

६. त्या घोसातल्या बाकी कळ्या, आणि झाडावर आधी धरलेल्या शेंगा काढून टाका. नाहीतर झाड त्यांनाच पोसतं आणि तुमची शेंग गळते.

दोन संकरांच्या मध्ये चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून वाळवा. तीन-चार दिवसांत शेंग लांबू लागली तर जमलं. सुरुवातीला बरीच फुलं गळतात. हात बसेपर्यंत तसं होणारच, म्हणून लागतील त्याच्या कितीतरी जास्त कळ्या करायला घ्या.

टप्पा ५: एफ-१ खरा आहे का?

टॅग लावलेल्या शेंगेतलं प्रत्येक बी संकराचंच असेल असं धरून चालू नका. काही बी मादीचं स्वतःचंच असतं.

दोन चाळण्या लावा. पहिली डोळ्यांनी: नराचं फूल जांभळं आणि मादीचं पांढरं असेल तर खऱ्या एफ-१ चं फूल रंगीत येतं, पांढरं आलं ते उपटा. नर वेलवर्गीय आणि मादी बुटकी असेल तर एफ-१ वेल टाकतो. दुसरी तांबेऱ्याची: प्रतिकाराची बहुतेक ज्ञात जनुकं प्रभावी आहेत, म्हणजे एकाच पालकाकडून आली तरी गुण दिसतो, म्हणून खरा एफ-१ रोगाला दाद देत नाही आणि मादीचं स्वयंफलित रोप फोडांनी भरतं. मादी बळी पडणारी घ्या असं वर सांगितलं ते यासाठी. मादीच प्रतिकारक असती तर खरं आणि खोटं, दोन्ही रोपं हिरवीगारच राहिली असती.

एफ-१ जूनमध्ये गादीवाफ्यावर किंवा कुंडीत लावा, पाणी साचू देऊ नका. म्हणजे एफ-२ चं, म्हणजे एफ-१ च्या स्वयंफलनातून येणाऱ्या पुढच्या पिढीचं, बी नोव्हेंबरला हाताशी असतं.

टप्पा ६: एफ-२ वर रोग आणा आणि मोजा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. वेळ इथे घाला.

एकाच जनुकाचा प्रतिकार असेल तर शुद्ध प्रतिकारक झाडं, म्हणजे ज्यांच्यात जनुकाच्या दोन्ही प्रती प्रतिकाराच्याच आहेत अशी, चारात एक. असं किमान एक झाड मिळण्याची ९९ टक्के खात्री १६ रोपांत होते. दोन जनुकं शुद्ध रूपात हवी असतील तर तीच खात्री ७२ रोपांवर जाते. पण आपल्याला शेंग, उतारा, उंचीही पाहायची आहे, तेव्हा दीड-दोनशे रोपांच्या खाली जाऊ नका. दर दहा रोपांमागे मादी वाणाचं एक रोप तुलनेसाठी लावा. हे रोप वगळलं तर पुढचे सगळे आकडे फुकट.

पेरल्यापासून ७ ते १० दिवसांनी (थंडीत थोडं उशिरा) पहिली जोडपानं निम्मी ते दोन-तृतीयांश उलगडली की फवारा. पान पूर्ण वाढलं की ते आपसूकच रोग कमी घेतं, आणि मग बळी पडणारं रोपही प्रतिकारक वाटतं. फवारणी संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना, थेंब ओघळणार नाहीत इतकी. मग १६ ते १८ तास पान ओलं आणि हवा दमट राहायला हवी, तापमान २० अंशांच्या आसपास. ओलं गोणपाट आणि वरून पॉलिथिन पुरतं. डिसेंबरात रात्री पारा एक आकडी होतो तिथे ट्रे खोलीत घ्या. सकाळी ऊन चढायच्या आत पॉलिथिन काढलंच पाहिजे. आत राहिलेलं रोप शिजतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी फिकट ठिपके, आठव्या-दहाव्या दिवसापासून फोड उघडतात. नोंद १२ ते १४ व्या दिवशी, दहापट भिंगाखाली, अशी करा:

- १: काहीच खूण नाही
- २: मेलेले तपकिरी ठिपके, पण पूड नाही
- ३: ०.३ मिलिमीटरहून लहान फोड
- ४: ०.३ ते ०.५ मिलिमीटर
- ५: ०.५ ते ०.८ मिलिमीटर
- ६: ०.८ मिलिमीटरहून मोठे

१, २, ३ प्रतिकारक. ४ पासून पुढे बळी पडणारी. एकाच पानावर दोन प्रकार असतील तर दोन्ही लिहा.

*इशारा:* दर्जा २ चं रोप नवशिके हमखास उपटतात, कारण पान डागाळलेलं दिसतं. तो डागच तर प्रतिकार आहे. बुरशी शिरली त्या जागच्या पेशी झाडाने स्वतः मारून टाकल्या आणि तिचा रस्ता बंद केला. पानाची शोभा बघू नका, पूड बघा.

आता हिशेब. समजा १६० रोपांत १२८ प्रतिकारक आणि ३२ बळी पडणारी निघाली. एका प्रभावी जनुकाला १२०:४० अपेक्षित. ८ चा वर्ग भागिले १२०, अधिक ८ चा वर्ग भागिले ४०, बेरीज २.१३. ही ३.८४ च्या (काय-वर्ग चाचणीच्या ५ टक्के मर्यादेच्या) आत आहे, म्हणजे ३:१ चं प्रमाण मान्य.

पण समजा १४५:१५ आलं. ३:१ ला ते अजिबात बसत नाही. १५:१ ला, म्हणजे दोन जनुकांच्या प्रमाणाला मात्र छान बसतं. मन लगेच म्हणतं, "वा, दोन जनुकं मिळाली!" थांबा. फवारणी अर्धवट झाली तरी आकडे असेच दिसतात. निकाल तुलनेची रोपं देतात. मादी वाणाची सोळाच्या सोळा रोपं फोडांनी भरली असतील तर दोन जनुकांचा विचार करा. त्यातली तीन-चार हिरवी असतील तर चाचणी फसली. हिरव्या रोपांवर नव्या कोवळ्या पानावर पुन्हा फवारा आणि मगच निवड करा.

टप्पा ७: एफ-३ मध्ये चाळणी

एफ-२ मधल्या प्रतिकारक झाडांपैकी साधारण दोन-तृतीयांश आतून मिश्र असतात. त्यांच्या बियातून पुन्हा बळी पडणारी रोपं निघतात. म्हणून प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात आणि वेगळ्या ओळीत. "सगळी चांगलीच आहेत" म्हणून एकत्र मळलं की ती चाळणी संपली.

प्रत्येक कुटुंबाची १६ रोपं तपासा. मिश्र कुटुंब असेल तर त्यात एक तरी बळी पडणारं रोप दिसण्याची शक्यता ९९ टक्के. सोळाही स्वच्छ असतील ते कुटुंब पुढे न्या.

टप्पा ८: शेतातली परीक्षा

जागा निवडताना सगळ्यात आधी वारा आणि द्राक्षबाग पाहा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत भुरी-डाऊनीसाठी सतत फवारे चालतात. त्यातलं गंधक, मॅन्कोझेब आणि हेक्साकोनॅझोल-टेब्युकोनॅझोलसारखी औषधं तांबेऱ्यालाही दाबतात. ब्लोअरचे तुषार तुमच्या प्लॉटवर आले तर वर्ष वाया. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बाग नको. बाग टळत नसेल तर शेजाऱ्याकडून फवारणीच्या तारखा आणि औषधांची नावं लिहून घ्या.

प्लॉटभोवती आणि दर पाच-सहा ओळींनंतर बळी पडणाऱ्या वाणाची ओळ १०-१५ दिवस आधी पेरा आणि तिच्यावर बीजाणू फवारा. रोग तिथून पसरतो. ठिबकऐवजी संध्याकाळचं हलकं तुषार सिंचन दिलं तर पान ओलं राहतं. फुलोऱ्यापासून शेंग भरेपर्यंत दहा दिवसांच्या अंतराने तीनदा, झाडाच्या मधल्या पानांवर १ ते ९ च्या दर्जाने नोंद घ्या: फोड नसेल तर १, पानाचा साधारण पाच टक्के भाग व्यापला तर ५, पंचवीस टक्के किंवा अधिक तर ९. खालची म्हातारी पानं मोजू नका. प्रत्येक ओळीची फुलोऱ्याची तारीख सोबत लिहा. उशिरा येणारी ओळ नोंदीच्या दिवशी कोवळीच असते, म्हणून ती निरोगी वाटते.

एक अपवाद लक्षात असू द्या. काही प्रतिकार, उदाहरणार्थ यूआर-१२, फक्त मोठ्या झाडात दिसतो. रोपावस्थेत तेच झाड फोडांनी भरतं. नर वाण तसा असेल तर टप्पा ६ मध्ये सगळं उपटून बसाल. त्याची पारख शेतातच.

टप्पा ९: मूळ वाणाकडे परतणं, आणि दुसरं जनुक

आपल्या वाणाची शेंग बाजारात चालते, फक्त तांबेरा नडतो, अशी स्थिती असेल तर बॅकक्रॉस करा. एफ-१ पुन्हा मूळ वाणाशी जोडला की मूळ वाणाचा वाटा सरासरी ७५ टक्के होतो, मग ८७.५, मग ९३.७५. प्रत्येक फेरीत निम्मी रोपं जनुक बाळगतात. जोडपानांवर रोग आणून फुलाआधीच ती निवडता येतात. एक तरी रोप ९९ टक्के खात्रीने मिळायला सातच रोपं पुरतात, पण वीस-पंचवीस ठेवा, म्हणजे त्यातून मूळ वाणासारखी शेंग असलेलं निवडता येईल. तिसऱ्या फेरीनंतर स्वयंफलन करून टप्पा ७ पुन्हा करायचा, कारण बॅकक्रॉसचं प्रत्येक प्रतिकारक झाड मिश्रच असतं.

एकाच जनुकावर उभा वाण तांबेऱ्याची नवी जात आली की पडतो. दोन जनुकं एकत्र आणायची तर घेवड्याच्या दोन मूळ गटांपैकी एक अँडियन म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गटातलं (यूआर-४ सारखं) आणि एक मेसोअमेरिकन म्हणजे मध्य अमेरिकेतल्या गटातलं (यूआर-११ सारखं) अशी जोडी घ्या. यूआर-३ आणि यूआर-११ एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत; ती दोन्ही एका झाडात आणायचा खटाटोप घरगुती पातळीवर करू नका. आणि दोन जनुकं खरोखर आली का, हे एकाच मिश्र पुडीने कळत नाही. एका जनुकाला भेदणारी एक पुडी, दुसऱ्याला भेदणारी दुसरी, अशा वेगळ्या पुड्यांनी तपासावं लागतं किंवा डीएनए मार्कर लागतो. त्यासाठी कृषी विद्यापीठाच्या वनस्पती प्रजनन विभागाचं दार ठोठवा.

टप्पा १०: बी आणि कागद

एफ-५ च्या आसपास ओळी एकसारख्या झाल्या की बी वाढवा. घेवडा स्वयंफलित असला तरी भुंगे थोडाफार पराग नेतात, म्हणून दुसऱ्या वाणापासून काही मीटर अंतर ठेवा. शेंगा झाडावर वाळवा, वेगळ्या ताडपत्रीवर मळा. बी दाताखाली कडक फुटेपर्यंत सुकवून हवाबंद डब्यात भरा. ओलसर राहिलं तर भुंगेरे लागतात. प्रत्येक ओळीचं थोडं बी राखीव म्हणून बाजूला ठेवा, पुढच्या वर्षी वाण घसरला तर परत यायला जागा हवी.

नोंदणीकृत वाण नर म्हणून वापरून नवा वाण घडवायला २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा मुभा देतो. व्यापारी बियाण्यासाठी तोच वाण दरवर्षी पालक म्हणून लागणार असेल तर मात्र त्याच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. स्वतःचा वाण नोंदवायचा तर पहिल्या संकरापासूनचे टॅग, तारखा आणि फोटो जपून ठेवा. सुरुवातीला बी वेगवेगळ्या तालुक्यांत पाच-सहा जणांना द्या, प्रत्येकाला शेजारी जुन्या वाणाची एक ओळ लावायला सांगा. जुन्या ओळीवर तांबेरा आला नाही अशा शेताचा अहवाल, कितीही कौतुकाचा असला तरी, मोजणीत धरू नका.